गरम नडगी आणि उपाशीपोटीची गोळी

माणसाचा पाय वाकडा झाला तर सगळ्यात आधी कुणाला कळायला पाहिजे? त्याच्या टेलरला. माझा टेलर मीच होतो, म्हणून दोन वर्षं कुणालाच कळलं नाही.

हसनाबादला बाजाराच्या रस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे. पस्तीस वर्षं झाली. गाव मला मास्तर म्हणतं, पण शाळेशी माझा संबंध गणवेशापुरता. दुकानात दोन मशिनी. एकीवर मी, दुसरीच्या शेजारी माझी बायको सिंधू काज-बटणं आणि तुरपाई करते. मी स्वभावानं चुळबुळ्या. एका जागी बसणं मला जमतं ते फक्त मशिनीवर, कारण तिथं पाय चालू असतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं ज्या गोळीची गोष्ट येणार आहे तिनं माझ्या नेमक्या ह्याच खोडीवर बोट ठेवलं.

पँट बिघडली

सुरुवात पँटपासून झाली. नवी पँट घातली की उजवा पाय नडगीवर अडकायचा आणि खालची मोहरी वर चढून मोजा दिसायचा. मी शिवण उसवून अर्धा इंच सोडला. सहा महिन्यांनी परत तेच. मग आतून पट्टी जोडली. तिसऱ्या वेळी तर मी उजव्या पायाचा कागदी फर्माच वेगळा कापला, डाव्यापेक्षा जरा पोटाळ, आणि तो खिळ्याला टांगून ठेवला. येणारं-जाणारं गिऱ्हाईक विचारायचं, हा कुणाचा? मी सांगायचो, माझ्या पँटचा. पँटच्या आत पाय असतो हे मला सुचलंच नाही.

पाय दुखायचा, पण पायडलचा पाय आहे, दुखणारच. सिंधू तेल लावून द्यायची. एकदा तिचा हात थांबला.

"अवं, ही नडगी गरम लागून राह्यली."

"दिवसभर इस्त्रीशेजारी बसतो, गरम होणारच."

"इस्त्री डाव्या अंगाला हाय तुमच्या. गरम उजवी हाय."

"तू तेल लाव," मी म्हणालो. असा मी हुशार.

शेठनं दाखवलं

शेवटी माझा संशय कापडावर गेला. कापड धुतल्यावर आटतं, तेही एकाच बाजूनं आटतं, असा शोध लावून मी एका पँटची पिशवी घेऊन एसटीनं जालन्याला गेलो. जुन्या जालन्यात मी ठोक कापड घेतो त्या शेठच्या गादीसमोर उभा राहून आवाज चढवला. आठ-दहा गिऱ्हाइकं ऐकायला थांबली. मला तर उलट जोर चढला.

शेठनं शांतपणे पँट गादीवर पसरली. दोन्ही पायांवर गजपट्टी ठेवली. मग म्हणाले, "मास्तर, ही पँट बिलकुल बराबर आहे. उजवीकडं तुम्ही पट्टी जोडली तेवढीच जास्त. आता तुम्ही जरा इथं उजेडात उभे रहा. पँट वर घ्या. दोन्ही पाय."

मी तावातावानं पँट गुडघ्यापर्यंत ओढली. सगळी गिऱ्हाइकं खाली वाकून बघायला लागली. शेठनं गजपट्टी माझ्या डाव्या नडगीला लावली, ती चिकटून बसली. उजवीला लावली. वर टेकली नाही, खाली टेकली नाही, मधल्या फुगवट्यावर झोका खात राहिली. नडगी पुढं वाकली होती, विळ्यासारखी.

"कपडा आटला नाही मास्तर," शेठ हळूच म्हणाले. "डॉक्टरकडं जा. जल्दी."

त्या दुकानात मी भांडायला गेलो होतो आणि पाणी पिऊन परत आलो. माझी मुलगी वर्षा जुन्या जालन्यातच राहते. तिच्या घरापर्यंतच्या पाच मिनिटांत मी तीनदा थांबून पायाकडं बघितलं.

फोटो

वर्षानं दुसऱ्याच दिवशी हाडाच्या डॉक्टरकडं नेलं. त्यांनी पायाचा फोटो काढला, उजेडाला धरला आणि बराच वेळ बोललेच नाहीत. डॉक्टर बोलत नाही तेव्हा पेशंट फार बोलतो. मी त्यांना पँटचा सगळा इतिहास सांगितला. त्यांनी विचारलं, "वजन कमी झालंय का?" तेव्हा मी गप्प झालो, कारण हा प्रश्न का विचारतात ते टीव्ही बघणाऱ्या माणसाला माहीत असतं.

"काही गोष्टी नाहीत याची खात्री करून घेऊ," एवढंच म्हणाले आणि संभाजीनगरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं सगळ्या अंगाच्या हाडांचा स्कॅन होता. त्याआधी शिरेत एक सुई. आता हसू नका, पण मला सुईची भीती आहे. सोळाव्या वर्षी मशिनीची सुई माझ्या नखातून आरपार गेली होती. तेव्हापासून सुई माझ्या हातात असली तर मी वाघ, दुसऱ्याच्या हातात असली तर मी कोकरू. सिस्टरनं हात धरला आणि मी विचारलं, "ताई, ही कितव्या नंबरची?" ती म्हणाली, "काका, तिकडं बघा." वर्षानं माझं डोकं धरून भिंतीकडं वळवलं.

रिपोर्ट दोन दिवसांनी मिळणार होते. ते दोन दिवस वर्षाच्या घरी मी एकही खुर्ची गरम होऊ दिली नाही. इकडून उठून तिकडं. शेवटी जावयाच्या सगळ्या शर्टांची बटणं मी परत पक्की केली. एकही ढिलं नव्हतं.

बाही

ज्या डॉक्टरबाईंनी निदान सांगितलं त्या मला कायम आठवतील, कारण पहिलं वाक्य त्यांनी सरळ सांगितलं. "कॅन्सर नाही." वर्षानं माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

पुढं त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, पॅजेट. आपल्याकडं फार दिसत नाही म्हणाल्या. मला कळलं ते माझ्या भाषेत असं. शरीर रोज जुनं हाड थोडं उसवतं आणि नवं शिवतं. माझ्या नडगीत उसवणाऱ्याला घाई झाली होती, त्याच्यामागं शिवणारा धावत सुटला होता, आणि टाके वाकडेतिकडे पडत होते. म्हणून हाड जाड, वाकडं आणि गरम. रक्तात एक आकडा असतो, त्यावरून ही घाई किती आहे ते कळतं. माझा तिप्पट होता.

मग त्यांनी फोटोवर पेनाचं टोक ठेवलं. वाकाच्या पुढच्या बाजूला केसासारखी एक भेग होती. "ही भेग आरपार गेली तर पाय मोडेल. मग आत सळई घालावी लागेल, आणि वाकड्या हाडात सळई घालणं मला आवडणार नाही, तुम्हालाही. उजव्या पायानं पायडल बंद. काठी वापरा. आणि औषधानं हा आकडा खाली आणायचा."

औषधाचे दोन मार्ग होते. सलाईनमधून एकदाच, नाहीतर रोज सकाळी एक गोळी. सलाईन म्हणजे सुई. मी इतक्या जोरात "गोळी!" म्हणालो की बाहेरच्या पेशंटनंही ऐकलं असेल.

ह्याच वेळी वर्षा फाईल घेऊन पैसे भरायला बाहेर गेली, आणि डॉक्टरबाई गोळी कशी घ्यायची ते सांगायला लागल्या. चांगली दोन मिनिटं. हात वर करून, एकेक बोट मोजून. आणि मी त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या डाव्या बाहीकडं बघत होतो. बाही जिथं खांद्याला जोडतात तो मुंढा कुणीतरी ओढून शिवला होता. हात वर गेला की सगळा कोट खांद्याला ओढायचा. मनात म्हटलं, इतक्या हुशार बाई आणि हा कोट. कुठं शिवला असेल? किती घेतले असतील?

"कळलं ना काका?"

"कळलं," मी म्हणालो.

त्यांनी ते सगळं एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं. ती मी घडी घालून खिशात ठेवली. कागदाचा पाठीमागचा भाग कोरा होता, हे लक्षात ठेवा.

दूध

घरी आल्यावर सिंधूनं गोळीचं पाकीट उलटसुलट बघितलं. "कशी घ्यायची?"

"सकाळी. उपाशीपोटी म्हणत होत्या बहुतेक."

"उपाशीपोटी? आन् अशी गरम गोळी? आतडी जळून जातेत. दुधाबरोबर घ्या."

तेवढ्यात कडुबा आला. कडुबा म्हणजे दुकानाशेजारचा दूध संकलनवाला, माझा तीस वर्षांचा दोस्त. जगातल्या सगळ्या दुखण्यावर म्हशीचं दूध हा त्याचा इलाज. त्याच्या मतानं मोडलेल्या सायकललाही दूध पाजता येईल.

"हाडाची गोळी हाय न्हवं?" कडुबा म्हणाला. "मंग इचारायचंच काय! हाडाला दूधच लागतंय. उद्यापासून पेशल म्हशीचं आणून देतो. पाण्याचा थेंब न्हाई."

आणलं त्यानं. रोज, पहाटेचं, किटलीत वेगळं. सिंधू ते कोमट करून पेलाभर द्यायची, वर दोन बिस्किटं. बाईंनी कॅल्शियमची दुसरी गोळी दिली होती, तीही मी त्याच घोटाबरोबर गिळायचो, काम एकदम संपलेलं बरं. वर पोट जड व्हायचं, म्हणून मी परत अंथरुणावर आडवा पडायचो.

महिन्याभरात छातीत जळजळ सुरू झाली. सिंधू म्हणाली, बघा, म्हटलं न्हवतं का गरम गोळी हाय. तिनं दूध पेलाभराचं दीड पेला केलं. मी गुपचूप मेडिकलमधून ॲसिडिटीचं पांढरं औषध आणून तेही सकाळीच प्यायला लागलो.

ज्यांना ह्या गोळीची माहिती आहे ते आता कपाळाला हात लावून बसले असतील. माहिती नाही त्यांना सांगतो. दूध, कॅल्शियम, पांढरं औषध, ह्यातलं एकही पोटात असलं तर ही गोळी त्यालाच चिकटते आणि तशीच बाहेर जाते. हाडापर्यंत पोचतच नाही. मी तर तिच्यासाठी तिन्ही नाकाबंद्या लावल्या होत्या.

आकडा

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा खाली आला नव्हता. थोडा वरच गेला होता. नव्या फोटोत भेग जराशी लांबली होती.

डॉक्टरबाईंच्या कपाळावर आठी पडली. "गोळी रोज घेताय ना?"

"एक दिवस चुकलो नाही," मी छाती काढून सांगितलं. ते खरंच होतं.

"मग मला काळजी वाटते. क्वचित कधी असं हाड बिघडतं. आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू. पुढच्या सोमवारी भरती व्हा."

बिघडतं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. सिंधूनंही विचारलं नाही. परतीच्या एसटीत तिनं माझी काठी आपल्या मांडीवर आडवी धरून ठेवली होती, कुणी ओढून नेईल अशी. सिल्लोडचा एक माणूस शेजारी बसून कांद्याचे भाव सांगत होता. मी प्रत्येक वाक्याला "बराबर" म्हणत होतो. त्याला वाटलं असेल, माणूस समजदार आहे.

ब्लाउजची चिठ्ठी

शनिवारी सिंधू अर्धवट ब्लाउज पुरे करायला बसली. शाळेतल्या बाईंचा ब्लाउज होता, माप मापाच्या वहीत सापडेना. मी कागदावर माप घेतो आणि वहीत टाचणीनं अडकवतो. टाचणी गळाली की बोंबाबोंब. शेवटी तिला एक चिठ्ठी सापडली. छाती, कंबर, बाही, गळा मागून खोल, सगळं माझ्या अक्षरात. तिनं ती उलटी केली.

वहीची पानं वाजायची थांबली म्हणून मी मान वर केली. ती ओठ हलवत एकेक अक्षर वाचत होती.

"फक्त साधं पाणी, मोठा ग्लास. चहा, दूध, नाश्ता अर्धा तास नाही. अर्धा तास आडवं व्हायचं नाही, ताठ बसा किंवा उभे रहा. कॅल्शियमची गोळी रात्री जेवणानंतर. छातीत जळजळ झाली तर लगेच कळवा."

वाचून झाल्यावर तिनं चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि हातानं सपाट केली, जशी ती इस्त्रीआधी कापड सपाट करते.

"दूध म्या दिलं," ती म्हणाली. "तीन महिने. माझ्या हातानं."

आता इथं शहाण्या नवऱ्यानं काय म्हणायला पाहिजे होतं ते तुम्हाला कळतं. मला कळलं नाही. मी फोन उचलून वर्षाला लावला आणि म्हणालो, "अगं, तुझ्या आईनं रोज दूध पाजलं ना, त्यानं गोळी लागूच झाली नाही."

फोन ठेवून वळलो तर सिंधू दारात होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत गेली, भाकरी थापली, मला वाढली, स्वतः नंतर जेवली. रविवारही तसाच गेला. मशीन, भांडी, पाखरं, सगळ्यांचे आवाज होते, तिचा नव्हता.

त्या दोन दिवसांत मी ठरवलं की डॉक्टरांना सांगायचंच नाही. ऐका हा विचार. हाडाचा तुकडा काढू द्यायला मी तयार होतो, सुयांसकट. पण "मी ऐकलंच नाही" एवढं म्हणायला तयार नव्हतो. वर्षाला म्हणालो, तपासून घेतलं तर काय वाईट, खात्री होते. ती म्हणाली, "बाबा, सोमवारी तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते."

कबुली

सोमवारी आमच्या दोघांपैकी कुणी बोलायच्या आत सिंधू बोलली. दवाखान्यात ती कधी तोंड उघडत नाही. खुर्चीच्या कडेला बसून, पदर मुठीत धरून म्हणाली, "बाई, चूक माझी हाय. गोळीबरोबर म्या त्यांला दूध देत होते. रोज."

"दूध?" डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "गोळीबरोबर?"

"वर बिस्किटं. ह्यांला काई माहीत न्हवतं."

हे ऐकून मात्र मला बसवेना. काठी पडली, मी उभा राहिलो. "डॉक्टर, तिची काही चूक नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मला सांगितलं होतं, तुम्ही, ह्याच खोलीत. मी ऐकलं नाही. मी तुमच्या बाहीकडं बघत होतो."

"कशाकडं?"

"डाव्या बाहीकडं. मुंढा ओढलाय. आजही तोच कोट आहे." एकदा तोंड सुटल्यावर मला थांबता येत नाही. "आणि चिठ्ठीच्या मागं मी ब्लाउजचं माप लिहिलं. आणि दूध पिऊन आडवा पडत होतो. आणि कॅल्शियम त्याच्याचबरोबर. आणि जळजळ व्हायची म्हणून पांढरं औषध."

डॉक्टरबाईंनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं आता हाकलतात. त्यांनी हळूच डावा हात वर केला. कोट खांद्याला ओढला. परत खाली घेतला, परत वर केला.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या, "दोन वर्षं मी समजतेय की माझा खांदा धरलाय."

सिंधू आधी हसली. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलवत. दोन दिवसांनी तिचं हसू माझ्या कानावर आलं.

मग मात्र बाईंनी मला झापलं, अगदी व्यवस्थित. "मी तुमचं हाड कापायला निघाले होते काका. सुई टोचायला लावली असती, भूल द्यावी लागली असती, आणि सगळं एका पेलाभर दुधासाठी." भरती रद्द झाली. आधी जळजळीचं बघू म्हणाल्या, पंधरा दिवस गोळी बंद. मग नव्यानं तीन महिने, लिहिल्याप्रमाणं. "आकडा खाली आला नाही तर तुकडाही काढीन आणि सलाईनही लावीन. वाद घालायचा नाही." नवी चिठ्ठी लिहिली ती त्यांनी माझ्या हातात दिलीच नाही. सिंधूला दिली. दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

अर्धा तास

एक ग्लास साधं पाणी, एक गोळी आणि अर्धा तास ताठ. सांगायला काय जातं. करून बघा.

पहिल्या दिवशी चौथ्या मिनिटाला मी विचारलं, "झाला का?" पस्तीस वर्षं मी डोळे उघडले की कपात चहा असतो. आता समोर रिकामा ओटा, काठी आणि घड्याळ. काठीच्या पायानं फेऱ्या मारायला बंदी. आडवं व्हायचं नाही, वाकायचं नाही. मी दाराशी स्टुलावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या सगळ्यांच्या शर्टांच्या कॉलरी तपासायचो. गावात इतकं वाईट शिवलं जातं हे मला तेव्हा कळलं, आणि त्यातलं निम्मं मीच शिवलेलं होतं.

कडुबा दुसऱ्या दिवशी किटली घेऊन आला. सिंधूनं त्याला दारातच अडवलं. "अर्ध्या तासानं या भाऊजी."

"आता हाडाला दूध बी नगं?" कडुबाला खरंच लागलं. "माझ्या म्हशीत काय खोट हाय?"

"म्हशीत न्हाई. टायमात हाय."

तो रुसून गेला. तिसऱ्या दिवशी परत आला, किटली आत ठेवली आणि माझ्याशेजारी पायरीवर टेकला. "मंग म्या बी बसतो. तुमच्या गोळीची राखण." तेव्हापासून तो रोज बसतो आणि अर्धा तास बोलतो. त्याच्यामुळं वेळ लवकर जातो असं नाही. पण आता माझी चिडचिड घड्याळावर न होता कडुबावर होते, हाच फायदा.

एकदा मी भामटेपणा केला. गोळी घेतल्यावर सिंधूची पाठ वळताच भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढं सरकवलं. मग साळसूदपणे म्हणालो, "सिंधू, झाला अर्धा तास." ती चुलीपाशीच बसून होती. म्हणाली, "अजून पंधरा मिनिटं हायेत. तुमी धा मिनिटं पुढं केलं, ते म्या बघितलं. ती धा, वर पाच मिनिटं दंडाची." कडुबा इतका हसला की त्याला ठसका लागला.

महिन्यानंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की सिंधूपुढंही कप नसतो. ती पाचला उठते, सगळं आवरते, पण चहा माझा अर्धा तास संपल्यावर, माझ्याबरोबरच.

"तू कामून थांबतेस? तुला कुठं गोळी हाय?"

"मला वास आला तं तुमाला वास येईल," एवढंच म्हणाली आणि कणीक मळायला लागली. त्या अर्ध्या तासाला मी त्यानंतर कमी शिव्या दिल्या. बंद केल्या असं म्हणत नाही.

ज्यांच्या हातात ही गोळी आहे

मी डॉक्टर नाही, म्हणून सल्ला एकच देतो. डॉक्टर सांगत असतील तेव्हा आपल्याबरोबर एक माणूस खोलीत राहू द्या, पैसे नंतर भरता येतात. आणि चिठ्ठी घरातल्या स्वयंपाक करणाऱ्या माणसाला वाचून दाखवा, कारण औषध डॉक्टर देतात पण पेला घरचे देतात. छातीत जळजळ झाली तर लाजू नका, सांगा. बाकी आपापल्या डॉक्टरांना विचारा.

पाय सरळ झालेला नाही. होणार नाही, हे बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण तेव्हा मी बाही बघत होतो. आता डाव्या पायानं पायडल मारतो. टाका पहिल्यासारखा पडायला महिना लागला. उजवा फर्मा अजून खिळ्याला टांगलाय. हल्ली मापाच्या वहीत माझ्या नावाचं पान आहे, पस्तीस वर्षांत पहिल्यांदा. दोन पाय, दोन मापं. माप सिंधूनं घेतलं.

आकडा गुरुवारी कळला. वर्षानं फोनवर वाचून दाखवला, अर्ध्याहून खाली. भेग होती तिथंच थांबली होती. बाई म्हणाल्या, तुकडा नको, सलाईन नको, चालू ठेवा. वर्षा रडत होती आणि मी तिला रुबाबात म्हणालो, मला माहीत होतं. थाप नव्हती ती. मला सोमवारी सकाळीच कळलं होतं.

सोमवारी कडुबा अजून आला नव्हता. गोळी घेऊन मी दाराशी स्टुलावर ताठ बसलो होतो आणि सिंधू पायरीवर बसून एका ब्लाउजला हुक लावत होती. तिच्या हातातला हुक निसटून माझ्या पायापाशी पडला. तो उचलायला ती वाकली आणि सवयीनं तिचा तळवा माझ्या उजव्या नडगीवर टेकला. तिनं हात काढला नाही. मग दुसरा हात डावीवर ठेवला.

"काय झालं?" मी विचारलं.

"थांबा." तिनं डोळे मिटले. हातांची अदलाबदल केली. पुन्हा उजवी, पुन्हा डावी. बराच वेळ.

"बोल की."

"आता गरम कोणची," ती म्हणाली, "मला कळूनच न्हाई राह्यलं."

घड्याळात अजून अकरा मिनिटं होती. मी बसून राहिलो.